परमुलखातली येळवस

कार्तिक वद्य पंचमी, बुधवार

लिही, महादेवी. आधी तिथी घाल, मग वार. माझं नाव घालायची गरज नाही. चार ओळी वाचल्या की मुरूममधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल ही कुणाची जीभ आहे ते.

लिहून ठेवायचं कारण गजराबाई. धनगराची गजराबाई, माझी जन्माची शेजारीण. ती मागंच राहिली, मेंढरं सोडून कुठं जाणार? मी परत गेले की पहिलं विचारेल, परमुलखात काय बघितलंस. मी विसरले म्हटलं तर सगळ्या आळीला सांगत सुटेल, इरम्मा कुठं गेलीच नव्हती, लेकाच्या दुकानात पोत्यांमागं लपून बसली होती. म्हणून रोज सुचेल तसं सुनेला सांगायचं आणि तिनं लिहायचं. सून सोलापूरची, चौथी शिकलेली. तिची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. एकच अडचण आहे. हिच्याबद्दल वाईट सांगायचं तर तेही हिलाच सांगावं लागतं. बघू कसं जमतं.

आज निजाम सरकारचा नाका ओलांडला. गावाकडं दंगाधोपा वाढला, बायामाणसं पलीकडं न्यावीत असं सगळ्यांनीच ठरवलं, म्हणून माझा लेक सिद्रामप्पा आम्हां दोघींना गाडीत घालून निघाला. नातवंडं आधीच सोलापूरला, महादेवीच्या माहेरी. मलाही तिथंच ठेवणार होता. मी म्हटलं, विहिणीच्या दारात पडून राहण्यापेक्षा परदेश बरा.

नाक्यावरच्या शिपायानं सगळी गाठोडी सोडायला लावली. माझ्या मांडीवर आंबिलीचं मातीचं मडकं.

"क्या लेको जारे, अम्मा?"

"मडकं."

त्यानं आत डोकावलं. "ये तो खाली है."

"व्हय. भरायला न्यायलेय."

त्यानं सिद्रामप्पाकडं बघितलं. सिद्रामप्पानं बैलांकडं बघितलं. सोडलं आम्हांला.

पलीकडं गेल्यावर मी डोळे ताणून बघत होते. हिंदुस्थान, हिंदुस्थान म्हणून एवढं ऐकलेलं. बाभळ तीच, माती तीच. एक कावळा त्या बाजूच्या झाडावरून उडाला आणि ह्या बाजूच्या झाडावर बसला, त्याला कुणी गाठोडं सोडायला लावलं नाही.

गाव चिंचखेड, बार्शीच्या अलीकडं. लेकाच्या ओळखीच्या अडत्यानं दोन खोल्या दिल्यात. सिद्रामप्पा परवा माघारी जाणार, रानात जोंधळा उभा आहे. त्याला जाताना सांगायचं ते आजच सांगून टाकलं. येळवशीला मी रानात असते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरात बसून जेवायला मी काय आजारी आहे? लग्न होऊन आल्यापासून एक येळवस चुकली नाही. पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, कोपीत पाच दगडांचे पांडव, शेंगा-पाल्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. इथं मला एक रान बघून दे, नाहीतर त्या दिवशी मी नाका ओलांडून आपल्या रानात येते.

"आव्वा, तिकडं यायचं नाव काढू नका. जिवाशी गाठ हाय."

"मग रान बघ."

"दुसऱ्याचं रान म्या कसं बघू?"

"मग मी बघते," म्हटलं.

कार्तिक वद्य नवमी, रविवार

शेजारची प्रेमाबाई शिंपीण. हिला दार वाजवायची सवय नाही. सकाळी माझी पूजा चाललेली, तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, आणि समोरून आवाज, "करा, करा, आजी, तुमचं चालू द्या, मी बसते." डोळे उघडले तर ही पाटावर. माझ्या पाटावर.

"निजामाकडं बायका चहा पितात व्हय?"

"पितात. पण परवाना लागतो."

"आगं बाई!"

"आमच्याकडं सूर्यसुद्धा अर्जी देऊन उगवतो. हैदराबादहून मंजुरी आली की वर येतो. कधी कधी दुपार होते."

संध्याकाळी आडावर तीन बायकांनी महादेवीला विचारलं, मग तुम्ही सकाळी उठता कशा? प्रेमाबाईचं काम चोख आहे. टपालापेक्षा बरं.

उलट मला घरी घेऊन गेली. चहा ठेवला. आमच्यात दुसऱ्याच्या चुलीवरचं चालत नाही, हे तिला कसं सांगायचं? पोट बिघडलंय म्हणाले. "मग ओवा देते." ओवाही नको म्हटलं. "नुसतं पाणी?" पाण्यालाही नको म्हटलं. मग ती गप्प बसली. एवढी बोलणारी बाई अशी एकदम गप्प का झाली, मला कळलं नाही. घरी येताना महादेवीही गप्प होती. ह्या गावच्या हवेचा परिणाम असेल.

शिंप्याला रान नाही. चौकशी केली.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, शनिवार

महिना लागला. आता मैत्रीण शोधायला पाहिजे, रानवाली.

महादेवी म्हणते, "आत्या, मैत्रीण अशी रान बघून करतात का?" म्हटलं, तुला करताना सिद्रामप्पाची दोन दुकानं तुझ्या बापानं बघितलीच ना? हे लिहिलंस का? वाच. आवाज बारीक झाला, म्हणजे शब्द गाळलास. घाल परत.

नाक्याच्या वाटेवर माळ्याच्या सिताबाईचा मळा आहे. विहीर आहे, जोंधळा निसवलाय, हरभरा घाट्यावर आलाय. आणि ती माझ्याच वयाची म्हातारी राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत पाखरांना अशा शिव्या देत होती की दोन-तीन मीसुद्धा पहिल्यांदा ऐकल्या. मी बांधावर थांबले.

"कोण गं ती? कणसाला हात लावला तर हात मोडीन!"

"कणसं व्हय ती? मला वाटलं जोंधळ्याच्या ताटांना मुंग्या लागल्यात."

गोफण थांबली. "कुठली तू?"

"निजामाकडली."

"मंग निजामाची कणसं मोठी असत्यात व्हय?"

"आमच्याकडं एका कणसावर दोन पोपट बसून भांडतात, तरी कणीस वाकत न्हाय."

"मंग तिकडंच जा की," म्हणाली आणि दगड भिरकावला. पोपटावर. माझ्या डोक्यावरून गेला, पण पोपटावरच होता.

हीच. मला ही पसंत आहे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, बुधवार

शेंगाची चटणी कुटली, लसूण सढळ हातानं घातला. पितळी वाटीत गच्च भरून महादेवीच्या हाती सिताबाईकडं धाडली. बायकांची मैत्री अशीच होते. वाटी जाते, वाटी येते, आणि भरलेली येते. रिकामं भांडं शेजारणीच्या घरी परत पाठवायचं नसतं, मिठाचा खडा तरी टाकून द्यायचा, हे पाळण्यातल्या पोरीलाही कळतं.

वाटी परत आली. रिकामी. घासून, पुसून, लख्ख. आत तोंड दिसत होतं.

मी वाटीत बराच वेळ तोंड बघत बसले. महादेवी म्हणाली, "आत्या, विसरल्या असतील." विसरली असती तर घासली नसती.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शुक्रवार

परत चटणी धाडली. परत रिकामी. जेवण गेलं नाही. मुरूमला हे कळलं तर मी तोंड कुठं लपवू? त्या लख्ख वाटीत?

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार

आज वाटीत एक हिरवी मिरची आली! एकच. पण आली.

मी महादेवीला म्हटलं, बघ, दगडाला पाझर फुटला. मिरची जरा वाकडी आहे. आपल्या मागच्या दारी अडत्याच्या बायकोनं लावलेल्या रोपालाही अशाच वाकड्या मिरच्या लागतात, म्हणजे इकडं सगळीकडं बियाणं एकच दिसतं. हे सांगताना महादेवीला एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मिरची माझ्या हातात आणि ठसका तिला.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, मंगळवार

मिरचीबद्दल बरं बोलावं म्हणून मळ्यात गेले. सिताबाई माळ्यावरून उतरली नाही. मीच खाली ताटांच्या सावलीत बसले.

"मिरची पावली गं."

"कसली मिरची?"

काय तो नम्रपणा! असल्या बायका मला आवडतात, दिलेलं बोलून दाखवत नाहीत.

मग मी येळवशीचं काढलं. सहज काढल्यासारखं. अमावास्या जवळ आली, तुमच्याकडं कोप कधी घालता, भज्जीला किती पाले लागतात. ती वरून वाकून माझ्याकडं बघायला लागली.

"अवसेला रानात जेवायचं? भुतांच्या पंगतीत?"

"येळवस गं! येळवस!"

"ते काय आसतंय?"

महादेवी, हे नीट लिही. ह्या लोकांना येळवस माहीतच नाही. गाडीनं दोन मुक्काम, आणि येळवस माहीत नाही! नाक्यावर गाठोडी सोडली तेव्हा मला परदेश वाटला नव्हता. आज वाटला. मी सगळं सांगितलं तिला, पांडव, लक्ष्मी, पिकावर आंबील शिंपडणं, वाटसराला हाका मारणं. ती म्हणाली, "वाटसराला हाका मारून मळ्यात घ्यायचं? म्या वर्सभर वाटसराला हाकलते, ते यडी म्हणून व्हय?"

आता बोलवायचं काय तिनं मला, तिला सणच नाही! आणि मागून बोलावणं घ्यायची आमच्याकडं रीत नाही. येळवशीला कुणी कुणाला मागत नाही, रान स्वतःच हाक मारतं.

मार्गशीर्ष पौर्णिमा, शनिवार

सिद्रामप्पा आला. गाडी आणली नाही, पायी आला, थोडा मोटारीनं. रान कसं आहे विचारलं, चांगलं आहे म्हणाला. जोंधळा कितपत आला? "कमरेएवढा." आज पौर्णिमा, कणसं भरायचे दिवस, आणि ह्याचा जोंधळा अजून कमरेशी. अंगावर एक कुसळ नाही, धोतराला गोखरू नाही. एवढा स्वच्छ शेतकरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

माघारी कधी जाणार विचारलं तर म्हणाला, राहीन की थोडे दिवस. बायकोच्या हातच्या भाकरीची आठवण आली असेल. दोघं अंगणात हळू बोलत होती. महादेवी आत आली तर डोळे लाल. कांदा चिरत होते म्हणाली. आज कांदा घातलेलं काही जेवणात नव्हतं. असो, नवराबायकोचा कांदा आपण का शोधावा?

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, बुधवार

आज थोडं लिहायचं.

वाटी परत रिकामी आली होती. सिद्रामप्पा अंगणात बसून होता, मागच्या दारी जायला महादेवीला सवड झाली नसावी. हो, हे लिही. मिरची कुणी घातली ते मला आज कळलं. आता वर बघू नको, लिही.

वाटी पदरात घेऊन मीच मळ्यात गेले आणि सिताबाईला खाली उतरायला लावलं.

"चारदा भरून धाडली. एकदा तरी चिमूटभर काही घालावंसं वाटलं न्हाय? मिठाचा खडासुद्धा न्हाय तुझ्या घरी?"

तिनं गोफण कमरेला खोचली. मग म्हणाली, "काय घालू? तुमच्या लोकांना आमच्या हातचं चालत न्हाय, ठावं हाय मला. बार्शीत हुते तवा तुमच्यातलीच एक बाई शेजारी हुती. तिला वांग्याची भाजी दिली. तोंडावर गोड बोलून घेतली आन् म्हशीच्या आंबोणात टाकली. म्या ह्या डोळ्यांनी बघितली. तवापासनं तुमच्यात भरलेलं भांडं देत न्हाय. म्हशीला द्यायची असली तर पेंड देते."

मी वाटी परत पदरात गुंडाळली.

निघाले तर मागून म्हणाली, "तुझी सून येऊन गेली. येळवस, येळवस करून रडत हुती. घालीन म्या कोप. पण ऐक. माझ्या रानात पंगतीला बसायचं तर माझ्या हातचं खावं लागंल. पाव्हणी उपाशी बसवून म्या एकटी जेवायची न्हाय. आन् सोताचं गाठोडं सोडून खाणारी तर मला रानात नकोच."

मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शुक्रवार

दोन दिवस डोक्यात तेच. सुनेनं माझ्यासाठी जाऊन रडावं आणि मला सांगू नये! सासूला न सांगता केलेल्या कामांत हे एकच बरं निघालं.

खावं की नाही? आमच्या मठात स्वामी सांगतात, शिवापुढं सगळे सारखे. घरी आलं की चूल सांगते, लांब बस. जन्मभर मी चुलीचं ऐकलं, कारण स्वामी वर्षातून एकदा येतात आणि चूल रोज असते.

सिद्रामप्पाचा बाप (नाव मी घेत नाही, तूही घेत नाहीस, कागदानं समजून घ्यावं) गजराबाईच्या घरी गुपचूप पिठलं खाऊन यायचा. मिशीला तेल लागलेलं. मी विचारायचे, आज दुकानात तेलाचा डबा फुटला का? म्हणायचा, "व्हय, जरासा." मी गप्प बसायचे. लिंग त्याच्याही गळ्यात होतं, त्यानं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

सिद्रामप्पा म्हणतो, "खा की आव्वा. हितं कोण बघतंय?"

"मी बघतेय की," म्हटलं.

मार्गशीर्ष वद्य एकादशी, बुधवार

आंबिलीला पीठ भिजवलं. जायचं की नाही ते ठरलं नाही, पण आंबील आंबायला दिवस लागतात, ती माझ्या ठरवण्याची वाट बघत बसत नाही.

प्रेमाबाई सकाळपासून गावभर फिरतेय. हिला कुणी सांगितलं कोण जाणे. ओच्यात हरभऱ्याचा पाला, तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, मेथी, चिंचेचा कोवळा पाला, बोरं. "आजी, भज्जीला अजून काय लागतं?" म्हटलं, तुला काय करायचंय? तुझं रान कुठं आहे? म्हणाली, "माझं कुठलं आलंय? पण पाला तर मिळतो की कुणाच्याही बांधावर."

एवढं आणलं आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. आत आली नाही. त्या चहानंतर ती कधी आतच आलेली नाही, हे माझ्या आज ध्यानात आलं. मी इतके दिवस समजत होते, बाईला दार वाजवायची अक्कल आली.

मी म्हटलं, "आत ये. आणि चहा कर, माझ्या चुलीवर. मला तुझ्यासारखा उकळता येत नाही."

चहा फार गोड करते. महादेवी, साखरेचा डबा वर ठेव.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, शनिवार

सकाळी सिद्रामप्पा माझ्यापुढं येऊन बसला. उद्या मी नाक्याकडं निघेन अशी त्याला भीती.

"आव्वा, आपल्या रानात आता काय बी न्हाय. म्या खोटं बोललो. कुणीतरी पेटवलं. जोंधळा, कडब्याची गंज, सगळं."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या धोतरानं. पौर्णिमेलाच."

मग त्याला रडू आलं. एवढा मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप, माझ्या पदराला नाक पुसत होता. मी म्हटलं, पूस, हा जुनाच आहे, नवा उद्या नेसायचाय. गजराबाई आणि तिची मेंढरं धड आहेत ना, एवढं विचारलं. आहेत म्हणाला. ह्या वेळी त्याच्याकडं नीट बघून विश्वास ठेवला.

म्हणजे उद्या एक तर सिताबाईचं रान, नाहीतर ह्या दोन खोल्यांचं छप्पर. तिन्हीसांजेला महादेवीला म्हटलं, उंडे थोडे जास्त कर. एवढंच.

मार्गशीर्ष अमावास्या, रविवार

सगळं सांगते, हात दुखला तर थांब.

सकाळी डोक्यावर आंबील घेऊन निघालो. मी, सिद्रामप्पा, महादेवी, आणि कुणी न बोलावता प्रेमाबाई. बगलेत तिच्या नवऱ्यानं चिंध्या जोडून शिवलेलं पांघरूण, कोपीवर घालायला. मळ्याशी पोचलो तर सिताबाई कडब्याशी झुंजत होती. कोपीचं तोंड पश्चिमेला. दगड मांडलेले सात. चुना लावायचा तर गेरू फासलेला.

"पांडव पाच असतात," मी म्हटलं.

"मंग दोघांना पाव्हणं समज. आता हलवत न्हाय म्या, कंबर गेली."

"आणि तोंड पूर्वेला पाहिजे."

"तुझं की कोपीचं?"

मी गप्प बसले. महादेवी, "गप्प बसले" असंच लिही, गजराबाईला खरं वाटणार नाही तरी.

पूजा केली. पिकावर आंबील शिंपडली. प्रेमाबाईनं अर्धी स्वतःवर शिंपडली. मग जेवणं. मी बांधाशी बसून माझी लिंगपूजा उरकली, आणि येऊन पंगतीत बसले. सिताबाईनं कोपीमागून एक मडकं आणलं. मडक्यावर अजून कुंभाराच्या भट्टीचा वास. मागं बघितलं तर तीन दगडांची चूल, राख एकाच दिवसाची.

"मडकं नवं हाय," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. "चूल नवी हाय. हात मात्र जुनेच हायत. ते बदलून मिळत न्हाईत."

भज्जीचा पळा माझ्या ताटावर धरला. घातला नाही, नुसता धरला. सिद्रामप्पा कणसं मोजतोय असं दाखवत होता. महादेवीचा श्वास मला ऐकू येत होता. प्रेमाबाईसुद्धा बोलत नव्हती, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

मी ताट वर उचललं. पळ्याला टेकवलं.

खाल्लं. भाकरीशी, पुरता घास करून. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, जशी मी आता पेटणार आहे.

"मीठ जास्त झालंय," म्हटलं.

"म्हशीला देऊ?"

"नको. म्हशीला एवढं मीठ सोसत न्हाय. वाढ अजून."

सिताबाई हसली. तिला दात माझ्याहून कमी आहेत, हे आज कळलं. एवढे दिवस ती माझ्यापुढं हसलीच नव्हती.

पण रीत तिथं संपत नाही. वाटेनं जाईल त्याला रानवालीनं हाक मारायची. मी तिला माळ्यावर चढवलं. आता हिच्या गळ्यातून हाक निघायची तर शिवीच्याच सुरात. "ए, थांब! इकडं ये! खाऊन जा, न्हायतर बघ!" एक तेली बैल घेऊन चालला होता, तो बैलाआधी पळाला. दोन पोरी हातातले गवताचे बिंडे टाकून पळाल्या. "बघ," म्हणाली, "म्हणलं नव्हतं तुला, माझ्या मळ्यात कोण येत न्हाय."

"गोफण खाली ठेव आधी," मी म्हटलं, "आणि ‘बघ’ म्हणू नको."

उन्हं उतरायला लागली तेव्हा नाक्याच्या बाजूनं चार माणसं येताना दिसली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोर, पायांना गुडघ्यापर्यंत धूळ. आमच्याच मुलखातली. चालण्यावरून ओळखते मी, परमुलखातली पहिली वाट माणूस कडेकडेनं चालतो. मी उठून बांधाशी जाणार, तोच माळ्यावरून हाक आली.

"या गं बाई, या. जेवून जावा. आज येळवस हाय."

शिवीशिवाय. मी वर बघितलं, खरंच सिताबाईच बोलली का म्हणून.

ती माणसं थबकली. त्यांतली म्हातारी बांधापर्यंत आली. कोपीकडं बघितलं, गेरू फासलेल्या सात दगडांकडं बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही, आणि महादेवी, तूही जुळवून लिहू नको. लगेच बसावं की नाही, तिला कळेना. दबकत मला विचारलं, "कुणाचं रान म्हणायचं हे?"

"आमचं," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. वर सिताबाईनं ऐकलंच. जोंधळ्यात चिमण्या उतरल्या होत्या, त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

"मंग बसलीस काय?" ती वरून ओरडली. "तुझं रान हाय न्हवं? वाढ की तिला!"

मी उठले, आणि सिताबाईच्या मडक्यातलं वाढलं.